दिवसाला दोनशे वेळा आवळते, तरी गळतंच

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या ताई ५२ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. मोठं ऑपरेशन होऊन गर्भपिशवी आणि ओटीपोटातल्या लिम्फ नोड्स काढल्या, मग केमोसोबत २५ वेळा बाहेरून रेडिएशन आणि शेवटी ब्रॅकीथेरपी, म्हणजे आतून दिलेलं रेडिएशन. आता रिपोर्ट चांगले आहेत. पण खोकलं, शिंकलं, हसलं की लघवी गळते, आणि कधी कधी इतकी घाईची लागते की दार उघडेपर्यंत थांबत नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघून चार महिने रोज दोनशे वेळा केगल, म्हणजे खालचे स्नायू आवळायचा व्यायाम, करतायत. गळणं तसंच आहे, वर आता लघवीला बसलं की सुरू व्हायला वेळ लागतो, धार तुटते, संडासला कुंथावं लागतं, आणि नवऱ्याजवळ जायची भीती वाटते कारण दुखतं. पाणी पिणं कमी केलंय, चालायला जाणं बंद केलंय. फॉलोअपला डॉक्टर 'काही त्रास?' विचारतात तेव्हा 'नाही, बरं आहे' सांगून घरी येतात. त्या विचारतायत: व्यायाम कमी पडतोय का, वाढवू का? जीव वाचलाय तर एवढ्याशा गोष्टीची तक्रार करणं बरं दिसतं का? आणि नात एक वर्षाची आहे, घ्या म्हणून हात वर करते, तिला उचलू का?

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण ते आजच उपयोगी पडेल. नाही, वाढवू नका. उलट हे दोनशे आजपासून बंद करा, निदान कोणी जाणकार तुम्हाला तपासेपर्यंत तरी. हे वाचून चार महिने फुकट गेले असं वाटेल, तसं मनात आणू नका. कॅन्सरची एवढी ट्रीटमेंट झाल्यावर रोज नेमाने दोनशे वेळा एखादी गोष्ट करणारी बाई चिकाटीची असते आणि ती चिकाटी पुढे लागणारच आहे. तुम्हाला कोणी जवळ बसून, हात लावून, काय होतंय ते बघून शिकवलंच नाही, त्यात तुमचा काय दोष.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ओटीपोटाच्या स्नायूंचंच काम करते. ऑपरेशन-रेडिएशन होऊन आलेल्या बहुतेक बायकांच्या मनात एक हिशोब पक्का बसलेला असतो, गळतंय म्हणजे ढिलं झालंय, ढिलं झालंय म्हणजे आवळायचं, आणि आवळूनही गळतंय म्हणजे मीच कमी पडतेय. तुमच्या पत्रातही हाच हिशोब आहे, म्हणून तो आधी तपासून बघू.

ज्याला पेल्विक फ्लोअर म्हणतात ते डोळ्यासमोर आणा. पुढे ओटीपोटाच्या अगदी खाली जे हाड हाताला लागतं तिथून मागे माकडहाडापर्यंत, आणि बाजूंनी बसताना टेकतात त्या दोन हाडांच्या मध्ये, झोळीसारखा बांधलेला स्नायूंचा एक थर आहे. त्यातून तीन वाटा खाली उतरतात, लघवीची, योनीची आणि शीची. लघवीची पिशवी, आतडी सगळं या झोळीवर टेकलेलं असतं. खोकला आला की वरून दाब येतो, त्या क्षणी झोळीने वर उचलून धरायचं, आणि लघवीला बसलो की तिनेच सैल पडायचं. म्हणजे हिची कामं दोन, धरणं आणि सोडणं, आणि व्हिडिओत आपल्याला फक्त पहिलंच शिकवतात.

आता हाताची मूठ वळा. घट्ट आवळून दहा मिनिटं तशीच ठेवली आणि मग कोणी म्हणालं अजून आवळा, तर काय आवळणार? वावच नाही राहिलेला, शिवाय हात दमलेला. खालच्या स्नायूंचंही असंच होतं. कायम ताठ राहिलेल्या स्नायूला ऐन खोकल्याच्या वेळी आणखी वर उचलायला जागा नसते, म्हणून गळतं. ढिली झोळीही गळते, ताठरलेलीही गळते, बाईला दोन्हीकडे ओला कपडाच दिसतो, पण उपाय एकदम उलटे आहेत.

तुमच्या पत्रात गळण्याबद्दल दोन ओळी आहेत, पण लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, धार तुटणं, कुंथावं लागणं, जवळ येताना दुखणं, हे सगळं सोडता येत नसल्याची लक्षणं असू शकतात. असू शकतात एवढंच म्हणते, कारण तुमच्या बाबतीत आणखी दोन-तीन शक्यता आहेत आणि त्या तपासल्याशिवाय कोणीच, मीसुद्धा, व्यायाम सांगणं बरोबर नाही.

एक म्हणजे ऑपरेशन. तुम्ही ज्याला मोठं ऑपरेशन म्हणताय ते बहुतेक रॅडिकल हिस्टेरेक्टमी असेल, त्यात गर्भपिशवीबरोबर तिच्या दोन्ही बाजूंचा आधाराचा भागही काढतात. लघवीच्या पिशवीकडे जाणाऱ्या बारीक नसा त्याच भागातून जातात. सर्जन त्या वाचवायचा प्रयत्न करतात, तरी काहींना धक्का लागतो. मग पिशवी भरल्याचं नीट कळत नाही, पूर्ण रिकामी होत नाही, थोडी लघवी आत उरते, आणि जास्त भरली की वरून सांडते. अशा बाईने जन्मभर केगल केले तरी सांडणारच, कारण दाराची कडी ठीक आहे, टाकीच उपसली जात नाहीये. हे ओळखणं सोपं आहे, लघवी करून आल्यावर लगेच सोनोग्राफी केली की आत किती उरली ते कळतं, दुखत नाही, फार वेळही लागत नाही.

दुसरं रेडिएशन. त्याने कॅन्सरच्या पेशी मरतात पण आजूबाजूच्या मऊ भागात हळूहळू जुन्या जखमेच्या व्रणासारखा कडकपणा येत जातो. लघवीची पिशवी साधारण ३०० ते ५०० मिली आरामात धरते, तिचा लवचिकपणा गेला की त्याच्या कितीतरी आधीच घाई करायला लागते. योनीचा मार्ग आखडतो, अरुंद होतो. हे बदल ट्रीटमेंट संपल्यावर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही वर येतात, म्हणून बायका म्हणतात तेव्हा तर ठीक होतं, आता काय झालं. आणि अंडाशयं काढली असतील किंवा रेडिएशनने बंद पडली असतील तर पाळीबरोबर इस्ट्रोजेन हे हार्मोनही जातं, तिथली त्वचा पातळ आणि कोरडी पडते, जळजळ वाढते. साधं लघवीचं इन्फेक्शन असलं तरी घाई आणि गळणं वाढतं, म्हणून लघवीची तपासणीही करून घ्याच.

आता या केगल शब्दाबद्दल थोडं, कारण मला त्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. आर्नोल्ड केगल हे अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ, १९४८ साली त्यांनी या व्यायामावर लेख लिहिला. त्यांच्या पद्धतीत पेरिनिओमीटर नावाचं दाब मोजायचं साधन होतं, बाई आवळायची तेव्हा तिला काटा हलताना दिसायचा, म्हणजे बरोबर जमतंय का ते तिचं तिलाच तिथल्या तिथे कळायचं. पुढे हा व्यायाम जगभर पसरला, पण काटा मागेच राहिला आणि आकडा तेवढा पुढे आला, इतक्या वेळा करा, तितक्या वेळा करा. १९९१ साली एक छोटा अभ्यास छापून आला होता, ४७ बायकांना हा व्यायाम थोडक्यात तोंडी समजावला आणि मग मोजून बघितलं, तर बरोबर करणाऱ्या जेमतेम निम्म्या निघाल्या आणि चौथ्या हिश्शाच्या बायका अशा तऱ्हेने करत होत्या की त्याने गळणं वाढण्याची शक्यता होती. या बायकांना निदान समोर बसून कोणीतरी सांगितलं होतं हो, व्हिडिओ बघून एकटीने करणारीचं काय होत असेल विचार करा.

माझ्याकडे आलेली एक बाई आठवते, तिची ट्रीटमेंट तुमच्यासारखीच झालेली. मी म्हटलं आवळून दाखवा, तर तिचे दात आवळले, पायाची बोटं वाकली, कपाळावर आठी पडली, पोट आत गेलं, श्वास थांबला, आणि माझ्या बोटाखाली काही म्हणजे काही हललं नाही. म्हटलं बरं, आता सोडा. दात सुटले, बोटं सरळ झाली, खाली तेव्हाही काही हललं नाही. म्हणजे ती यायच्या आधीपासूनच आवळून बसलेली होती. मग आम्ही व्यायाम बाजूला ठेवला, गुडघ्यांखाली दोन उशा दिल्या, जबडा सैल सोडायला सांगितला आणि नुसता श्वास घेत राहिलो. किती तरी वेळाने तळ मऊ पडला, किंचित खाली उतरला, आणि ती डोळे उघडून म्हणाली, अगंबाई, मी एवढा वेळ धरून बसले होते होय? तिला ते माहीतच नव्हतं. कसं असेल? ऑपरेशन, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, ब्रॅकीथेरपी, दर थोड्या दिवसांनी आतून तपासणी, इतक्या वेळा त्या टेबलावर पाय उघडून झोपावं लागल्यावर अंग आपोआप आकसायला शिकतं. ते तुमचं रक्षण करत होतं. आता धोका टळलाय हे अंगाला सावकाश कळू द्यायचंय.

म्हणून आजपासून एवढंच करा, याला कोणाची परवानगी लागत नाही. पाठीवर झोपा, गुडघे वाकवून खाली उशी किंवा पोटऱ्या खुर्चीवर. एक हात फासळ्यांच्या कडेला, एक ओटीपोटावर. नाकाने सावकाश श्वास घ्या, फासळ्या बाजूंना उघडतायत, पोट फुगतंय बघा, आणि त्याच वेळी खाली बैठकीची दोन हाडं एकमेकांपासून जरा लांब जातायत अशी कल्पना करा. काही ढकलायचं नाही, काही आवळायचं नाही. मग तोंडाने श्वास सोडा, ओठ ढिले. पाच मिनिटं सकाळी, पाच मिनिटं रात्री. पहिले काही दिवस काहीच जाणवणार नाही आणि हे काय व्यायाम म्हणून वाटेल, तरी सोडू नका, तुमच्यासाठी आत्ता हाच व्यायाम आहे. दिवसातही मधूनमधून लक्ष द्या, भांडी घासताना, रांगेत उभं असताना, फोनवर बोलताना, दात आवळलेत का? बऱ्याच जणींचा जबडा आणि खालचा तळ एकदमच आवळतो, वरचा सोडला की खालचाही सुटायला लागतो.

आवळायचा भाग नंतर, पेल्विक फिजिओथेरपिस्टने तपासल्यावर. तपासणीत आतून बोटाने बघावं लागतं, ते नको वाटत असेल तर स्पष्ट सांगा, बाहेरून हात ठेवून किंवा पोटावरून सोनोग्राफी लावूनही बरंच समजतं, आणि 'थांबा' म्हटल्यावर समोरच्याने थांबलंच पाहिजे. तुमच्या जवळपास अशी फिजिओ नसेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांनाच विचारा, बऱ्याच जणी व्हिडिओ कॉलवरही शिकवतात, एकटीने यूट्यूब बघण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

आवळणं कसं असतं ते सांगून ठेवते, वाचणाऱ्या इतर जणींनाही हवं असेल. वायू सरायला नको म्हणून मागची वाट बंद करतो तसं मागून सुरू करायचं, मग तेच पुढे लघवीच्या वाटेपर्यंत आणायचं आणि आत वर उचलायचं. कुल्ले, मांड्या, पोट हलता कामा नये, श्वास चालू राहिला पाहिजे. खुर्चीवर टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवून तिच्यावर बसलं तर कळतं, बरोबर होत असेल तर अंग गुंडाळीपासून जरासं वर उचलल्यासारखं वाटतं, गुंडाळीवर खाली दाब वाढला तर तुम्ही ढकलताय. तीन सेकंद धरायचं आणि सहा सेकंद सोडायचं, सुटल्याचं जाणवल्याशिवाय पुढचं नाही. योगात ज्याला मूलबंध म्हणतात तेही याच स्नायूंचं काम आहे, त्यामुळे तो करणाऱ्यांनीही सोडण्याकडे तेवढंच लक्ष द्यावं. आणि लघवी चालू असताना मध्येच अडवून सराव करू नका, पुष्कळ ठिकाणी तसं सांगतात, पण त्याने पिशवी अर्धवट रिकामी राहायची सवय लागू शकते आणि तुमची धार आधीच तुटतेय.

किती वेळा? उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाईस या संस्थेच्या सूचनांमध्ये गळण्यासाठी निदान ८ वेळा, दिवसातून ३ दा, निदान ३ महिने, आणि देखरेखीखाली असं दिलंय. म्हणजे २४. दोनशे कुठून आले मला माहीत नाही.

आणि याने फरक पडतो का, तर हो, पडतो. २०१४ साली छापून आलेल्या एका अभ्यासात तुमच्यासारख्या, स्त्रियांच्या अवयवांचा कॅन्सर होऊन गेलेल्या आणि लघवी गळणाऱ्या ४० बायका होत्या, निम्म्यांना हे स्नायूंचं ट्रेनिंग आणि सवयींबद्दल सल्ला दिला. तीन महिन्यांनी शिकवलेल्यांपैकी ८० टक्के बायका म्हणाल्या की खूप बरं वाटतंय, न शिकवलेल्यांमध्ये ४० टक्के. अभ्यास लहान आहे हे खरं, पण रेडिएशन झालं म्हणजे आता काही होणार नाही असं तुम्हाला कोणी म्हणालं असेल तर ते मनातून काढून टाका.

खोकल्याच्या वेळच्या गळण्याला एक युक्ती आहे, इंग्रजीत तिला 'नॅक' म्हणतात. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की त्याच्या क्षणभर आधी आवळून उचलायचं, खोकायचं, आणि लगेच सोडायचं. १९९८ साली यावर एक अभ्यास छापून आला होता, ज्यांचं गळणं फार जास्त नव्हतं अशा वयस्क बायकांना ही युक्ती शिकवली तर आठवडाभरातच खोकताना गळणं पुष्कळ कमी झालं. स्नायूची ताकद वाढायला आठवडा पुरत नाही, म्हणजे तो फरक वेळ साधल्याचा होता. पण ज्याला सोडता येतं त्यालाच वेळेवर आवळता येतं, म्हणून तुमच्यासाठी ही युक्ती दुसऱ्या टप्प्यातली.

घाईची लागते तेव्हा पळू नका. पळताना वरून हादरे बसतात आणि पिशवी आणखी चेकाळते. आहात तिथे थांबा, शक्य असेल तर बसा, खांदे सोडा, सावकाश चार श्वास घ्या. ती कळ लाटेसारखी असते, चढते आणि ओसरते, ओसरली की शांतपणे चालत जा. पहिल्या काही वेळेला फजिती होईल, पॅड लावून करा. आणि निघायच्या आधी उगीच, बाहेर पडायच्या आधी उगीच, दिवसातून पंधरा वेळा 'जाऊन येते' असं चाललं असेल तर ते हळूहळू कमी करा, पिशवीला थोडक्यातच हाक मारायची सवय लागते. उलट ज्यांना भरल्याचं कळतच नाही त्यांनी मात्र घड्याळ लावून दर तीन तासांनी जावं, म्हणून म्हणतेय आधी तपासा. डॉक्टरकडे जायच्या आधी तीन दिवस एक वही करा, किती वाजता गेलात, मापाच्या भांड्यात किती मिली झाली, कधी गळलं, काय प्यायलात. ही वही डॉक्टरला आणि फिजिओला तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगेल.

पाणी कमी करू नका हो. लघवी घट्ट झाली की पिशवीला आतून झोंबते आणि घाई वाढते, शिवाय शी कडक होते आणि मग कुंथावं लागतं, आणि कुंथणं म्हणजे आपण ज्या झोळीची काळजी घेतोय तिच्यावर रोज सकाळी वरून धक्के मारणं. किडनी-हृदयासाठी डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर दिवसभरात थोडं थोडं करून दीड ते दोन लिटर प्या, झोपायच्या आधीचे दोन तास कमी करा, चहा-कॉफी कमी करून बघा. संडासला बसताना पायाखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत, पुढे झुकून कोपरं मांड्यांवर टेकवा आणि फुंकर घातल्यासारखा श्वास सोडा. लघवीलाही अर्धवट उभं राहून बसू नका, पूर्ण टेकून बसा, झाल्यावर थोडं थांबा, पुढे झुकून परत बसा, उरलेली येईल.

चालणं परत सुरू करा, दहा मिनिटांपासून. पॅड लावून चाललात म्हणजे हरलात असं नाही, चष्मा लावून वाचतो तसंच ते. लिम्फ नोड्स काढल्यायत म्हणून एक लक्ष ठेवा, एका पायाला किंवा जांघेत जडपणा, सूज येत असेल तर ते लिम्फेडेमा, म्हणजे लिम्फचं पाणी साठून येणारी सूज, असू शकतं, लवकर दाखवलं तर आटोक्यात राहतं.

दुखण्याबद्दल तुम्ही अर्धीच ओळ लिहिलीत, म्हणून मीही जपून लिहिते. रेडिएशननंतर योनी आखडू नये म्हणून डायलेटर वापरायला सांगतात, गुळगुळीत नळीसारखे लहान ते मोठ्या मापाचे, आठवड्यातून दोन-तीनदा काही मिनिटं, भरपूर जेल लावून, आणि त्याआधी हाच श्वास. कोणी तुम्हाला सांगितलं होतं का? बऱ्याच बायकांना डिस्चार्जच्या गडबडीत डब्बा हातात देतात आणि तो कपाटात जातो. दोन वर्षं झाली असली तरी विचारायला हरकत नाही, पण आधी डॉक्टरांनी आतून बघू दे, आणि जोर लावून, दुखत असताना कधीच नाही. कोरडेपणाला पाण्याचं बेस असलेलं जेल आणि योनीचं मॉइश्चरायझर मिळतं. इस्ट्रोजेनचं क्रीम मात्र मैत्रिणीने सांगितलं म्हणून आणू नका, काही कॅन्सर हार्मोनवर वाढतात, ते तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. नवऱ्याला काय सांगितलंय तुम्ही? पत्रात ते नाही. 'मला तुम्ही नको आहात असं नाही, मला दुखतं' एवढं वाक्य एकदा बोलून बघा, न बोलता दोघंही काहीतरी भलतंच धरून बसतात.

आता तो दुसरा प्रश्न, तक्रार करणं बरं दिसतं का. ताई, फॉलोअप कशासाठी असतो? कॅन्सर परत आला का एवढंच बघायला असता तर स्कॅनचा कागद पाठवून भागलं असतं. डॉक्टर 'काही त्रास?' विचारतात तेव्हा त्यांना खरंच उत्तर हवं असतं, आणि तुम्ही 'बरं आहे' म्हणालात की ते बिचारे पुढचा पेशंट बोलावतात. ज्यांनी जीव वाचवला त्यांच्यापुढे गळण्याचं काय रडायचं असं तुम्हाला वाटतं, मला कळतं ते, पण ऑपरेशन आणि रेडिएशन या दोन्हींचा हा ओळखीचा, माहितीतला परिणाम आहे, तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात. उपकार फेडायचे म्हणून ओल्या कपड्यात बसायचं असं कुठे ठरलंय? तोंडाने बोलवत नसेल तर चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवा: 'खोकताना आणि घाईने लघवी गळते, सुरू व्हायला वेळ लागतो, कुंथावं लागतं, संबंधाच्या वेळी दुखतं. लघवीनंतर पिशवीत किती उरते ते बघायचंय आणि पेल्विक फिजिओथेरपिस्टकडे पाठवा.' बाकी ते विचारतील.

पण पुढच्या तारखेची वाट बघायची नाही अशाही काही गोष्टी आहेत. लघवीत, शीत किंवा योनीतून रक्त, लघवी अजिबात न होणं, ताप आणि जळजळ, रात्रंदिवस थेंब थेंब न थांबता गळणं (कधी लघवीच्या पिशवीला आणि योनीला जोडणारं भोक पडतं, त्याला व्यायाम चालत नाही, सर्जन लागतो), कमरेत किंवा ओटीपोटात नवीन आणि वाढत जाणारं दुखणं, बसायच्या जागी किंवा पायात बधिरपणा. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी फोन करा.

हे पत्र वाचणाऱ्या आणखी कोणाची ट्रीटमेंट अजून सुरू व्हायची असेल, मग कॅन्सर गर्भपिशवीचा असो, अंडाशयाचा असो की बाहेरच्या भागाचा, तर शक्य झाल्यास आत्ताच एकदा फिजिओकडे जाऊन धरणं आणि सोडणं दोन्ही शिकून घ्या, तेव्हा अंग दुखरं नसतं, पटकन समजतं. आणि ज्यांचं ऑपरेशन आत्ताच झालंय त्यांनी कॅथेटर असेपर्यंत आवळायचे प्रकार करू नयेत, सर्जन हो म्हणाले की मग.

राहिली नात. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केलेली नसेल तर उचला हो तिला. एक वर्षाचं पोर म्हणजे आठ-दहा किलो, म्हणून सुरुवातीला तुम्ही सोफ्यावर बसा आणि तिला कोणीतरी मांडीवर आणून द्या, किंवा ती सोफा धरून उभी राहते तिथूनच घ्या, जमिनीवरून एकदम नको. ती हात वर करेल तेव्हा आधी तिच्या अगदी जवळ जा, गुडघ्यात वाका, तिला छातीशी धरा, मग श्वास सोडत सोडत उठा, श्वास कोंडून नाही. पहिल्या दिवशी थोडं गळेल कदाचित, पॅड आहे. कडेवर घेतल्यावर पोट आत ओढून, दात आवळून उभ्या राहू नका, आणि तिला खाली ठेवलंत की तिथेच एक लांब श्वास घ्या आणि खालचा तळ सोडा.